हिब्रू ओळीचा अर्थ विचारावा कसा?

इंदापूरहून सोलापूर रस्त्याने पुण्याकडे निघाले की भिगवण, कुरकुंभ, पाटस मागे पडतात आणि चौफुला येतो. तिथून आत वळले की केडगाव. बारामतीहून रेल्वेने निघालेल्या माणसालाही दौंडमार्गे पुण्याला जाताना हेच स्टेशन लागते. याच गावातल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे एका मोठ्या कामाला वाहिली. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल त्यांनी सोप्या मराठीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांना लागून असलेल्या दौंड तालुक्यात, शंभर वर्षांपूर्वी, हिब्रू शब्दाला मराठी शब्द शोधण्याचे काम वर्षानुवर्षे चालले होते. आपल्या भागातल्या फार थोड्या लोकांना हे ठाऊक आहे.

हिब्रूला जुन्या मराठीत ‘इब्री’ म्हणत. या भाषेतली एखादी ओळ आजही आपल्यासमोर अनेक वाटांनी येते. कोकणात फिरताना एखाद्या ज्यू दफनभूमीतल्या दगडावर ती दिसते. पुण्याच्या जुन्या प्रार्थनागृहाच्या दारावर दिसते. इस्रायलचा शेती अभ्यासदौरा करून आलेल्या शेतकऱ्याच्या हातातल्या माहितीपत्रकावर असते. कुणाला अंगठीवर किंवा मनगटावर हिब्रू शब्द कोरून घ्यायचा असतो, तर कुणाला धर्मग्रंथातल्या एका शब्दाचा नेमका अर्थ हवा असतो. मग आपण कुणाला तरी विचारतो, किंवा फोनवरच्या यंत्राला विचारतो. उत्तर मिळतेही, पण ते बरोबर आहे की नाही हे कळायला मार्ग नसतो. म्हणून ही भाषा कशी चालते, तिचा अर्थ पूर्वीच्या लोकांनी कुणाकडून आणि कसा मिळवला आणि आज आपण तो कसा विचारावा, हे समजून घेणे उपयोगाचे आहे.

स्वर न लिहिणारी लिपी

हिब्रूत बावीस अक्षरे आहेत आणि ती उजवीकडून डावीकडे लिहितात. पाच अक्षरांची शब्दाच्या शेवटी येणारी रूपे वेगळी असतात. ही सगळी अक्षरे व्यंजने आहेत. स्वर दाखवण्यासाठी अक्षरांच्या खाली-वर ठिपके आणि रेघा देण्याची पद्धत पुढे तयार झाली. गॅलिली भागातल्या तिबेरियास गावच्या पंडितांनी इसवी सनाच्या दहाव्या शतकापर्यंत ती पक्की केली. प्रार्थनापुस्तके, कविता आणि लहान मुलांची पुस्तके यांत या खुणा असतात. रोजची वर्तमानपत्रे, पाट्या आणि पत्रे त्यांच्याशिवाय छापली जातात.

जुनी मोडी कागदपत्रे वाचणाऱ्यांना ही अडचण चटकन समजेल. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि मजकुराचा संदर्भ पाहूनच शब्द ठरवावा लागतो. हिब्रूत हा प्रश्न त्याहून पुष्कळ मोठा आहे. द, ब, र एवढी तीन व्यंजने लिहिलेली असली तर तो शब्द ‘दावार’ म्हणजे गोष्ट किंवा शब्द असू शकतो, ‘देव्हेर’ म्हणजे रोगाची साथ असू शकतो किंवा ‘दिब्बेर’ म्हणजे ‘तो बोलला’ असाही असू शकतो. अक्षरे तीच, अर्थ तीन. कोणता घ्यायचा हे शेजारचे शब्द सांगतात. म्हणून सुटा शब्द पाठवून अर्थ विचारणाऱ्याला जाणकार माणूसही ठाम उत्तर देऊ शकत नाही.

या संदिग्धतेने मोठमोठ्या भाषांतरांत फरक पडला आहे. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात म्हातारा याकोब मृत्यूपूर्वी मान लववतो असा प्रसंग आहे. मूळ व्यंजने ‘मिट्टा’ अशी वाचली तर तो पलंगाच्या उशाकडे लवतो आणि ‘मट्टे’ अशी वाचली तर काठीच्या टोकावर. हिब्रू परंपरेने पलंग घेतला, तर ख्रिस्तपूर्व काळातल्या ग्रीक भाषांतराने काठी. दुसरे उदाहरण साऱ्या जगाने डोळ्यांनी पाहिले आहे. मोशे पर्वतावरून उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्याबद्दल जो शब्द वापरला आहे त्याच्या मुळाशी क, र, न ही व्यंजने आहेत. त्यांतून ‘शिंग’ हा शब्द होतो आणि किरण फाकणे या अर्थाचे क्रियापदही होते. जेरोम या ख्रिस्ती पंडिताच्या लॅटिन भाषांतरात शिंगांचा अर्थ आला. रोममध्ये मायकेलअँजेलोने घडवलेल्या मोशेच्या पुतळ्याच्या डोक्यावर आजही दोन शिंगे आहेत.

त्यातच काही अक्षरे दिसायला फार सारखी आहेत. ‘दालेत’ आणि ‘रेश’ यांत फक्त कोपऱ्याचा फरक आहे, ‘हे’ आणि ‘खेत’ यांत एका बारीक फटीचा. झिजलेल्या दगडावर किंवा अंधूक फोटोत हे भेद पुसले जातात आणि एका अक्षराच्या फरकाने शब्दच बदलतो.

शब्दाला पुढून जोडलेली अव्यये

मराठीत आपण ‘घर’ला मागून प्रत्यय लावतो: घरात, घरातून, घराला. हिब्रूत बहुतेक जोडणी पुढून होते. ‘बाइत’ म्हणजे घर. ‘हाबाइत’ म्हणजे ते ठरावीक घर, ‘बाबाइत’ म्हणजे घरात, ‘मेहाबाइत’ म्हणजे घरातून आणि ‘वेहाबाइत’ म्हणजे ‘आणि ते घर’. लिहिताना हे सगळे एकेकच शब्द असतात. त्यामुळे शब्दकोश उघडून पहिल्या अक्षराखाली शोधणाऱ्याला शब्द सापडत नाही. आधी पुढची अक्षरे सोडवून मूळ तीन व्यंजनांचा धातू ओळखावा लागतो. संस्कृत शिकताना ज्यांनी धातू आणि उपसर्ग वेगळे केले आहेत त्यांना ही शिस्त परकी वाटणार नाही.

दोन नामे एकत्र येतात तेव्हा क्रम मराठीच्या उलट असतो. ‘दाविदाचा तंबू’ म्हणायचे असेल तर हिब्रूत आधी तंबू येतो, मग दाविद: ‘ओहेल दाविद’. पुण्याच्या कॅम्प भागातले लाल देऊळ म्हणून ओळखले जाणारे प्रार्थनागृह १८६७ मध्ये पुरे झाले. त्याचे नाव हेच आहे. ते बांधवणारे दानशूर व्यापारी डेव्हिड ससून यांचे नावही त्यात आपोआप गुंफले गेले आहे. त्यांची समाधी त्याच आवारात आहे. रास्ता पेठेतल्या दुसऱ्या प्रार्थनागृहाचे नाव ‘सुक्कथ शेलोमो’, म्हणजे शलोमोचा मांडव. मांडवाला हिब्रूत ‘सुक्का’ म्हणतात, पण पुढे दुसरे नाम जोडले की शेवट बदलतो आणि ‘त’ (इथे ‘थ’) येतो. व्याकरणातला हा नियम माहीत नसला तर ‘सुक्कथ’ हा निराळाच शब्द समजून माणूस कोशात शोधत बसतो.

हिब्रूचे वयही लक्षात घ्यावे लागते. बायबलकालीन हिब्रू, रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या, ग्रंथांतली हिब्रू आणि आज इस्रायलमध्ये बोलली जाणारी हिब्रू यांचा सांगाडा एक आहे, पण शब्दांचे अर्थ सरकले आहेत. ‘हशमल’ हा शब्द यहेज्केल संदेष्ट्याच्या दृष्टान्तात एका तेजस्वी पदार्थासाठी आला आहे. आज तेल अविवमध्ये त्याचा अर्थ वीज असा आहे. बायबलकालीन क्रियापदांना पुढे ‘व’ जोडला की काळाचा अर्थच पालटतो आणि आधुनिक बोलीत तसे होत नाही. म्हणून आजची हिब्रू फाडफाड बोलणारा तरुणही जुन्या प्रार्थनेच्या ओळीवर अडखळू शकतो आणि जुन्या ग्रंथांच्या पंडिताला पंपावरची सूचना अपरिचित वाटू शकते.

आपल्या शेतांशी संबंध असलेले एक उदाहरण घेऊ. बारामती-इंदापूरच्या उसात, डाळिंबात आणि द्राक्षबागांत ठिबकच्या नळ्या पसरलेल्या असतात. आधुनिक ठिबक सिंचनाचे तंत्र इस्रायलमध्ये सिम्हा ब्लास या पाणी-अभियंत्याने विकसित केले. १९६५ मध्ये हात्झेरिम या किबुत्झने, म्हणजे सामुदायिक वसाहतीने, त्यासाठी कारखाना उभा केला आणि त्याला ‘नेताफिम’ नाव दिले. त्याचा अर्थ थेंब, अनेकवचनी. शेवटचा ‘ईम’ हा हिब्रूतला पुल्लिंगी अनेकवचनाचा प्रत्यय. ‘किबुत्झ’चे अनेकवचन ‘किबुत्झिम’ होते तेही त्यानेच. एवढा एक प्रत्यय ओळखता आला तरी माहितीपत्रकातले कितीतरी शब्द उलगडू लागतात.

मराठी माणसाचा एक फायदा

हिब्रूत क्रियापदाला लिंग असते. वर्तमानकाळात ‘मी’ म्हणणारा पुरुष आहे की स्त्री हे रूपावरून कळते, जसे मराठीत ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ यांवरून कळते. हिब्रूत याच्या पुढचीही पायरी आहे. ज्याच्याशी बोलायचे तो पुरुष की स्त्री यावर ‘तू’ आणि ‘तुला’ ही सर्वनामेसुद्धा बदलतात. पुरुष स्त्रीला ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ म्हणतो तेव्हा ‘अनी ओहेव ओताख’ आणि स्त्री पुरुषाला म्हणते तेव्हा ‘अनी ओहेवेत ओत्खा’. स्वरखुणा नसल्या तर ‘ओताख’ आणि ‘ओत्खा’ सारखेच लिहिले जातात, पण उच्चार चुकला की अर्थ वेगळ्याच व्यक्तीकडे जातो.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘मी प्रेम करते’ हे मराठी वाक्य बोलणारी स्त्री आहे हे सांगते. तेच वाक्य इंग्रजीत नेले की ती माहिती गळून पडते. मग इंग्रजीतून हिब्रूत जाताना भाषांतर करणारा किंवा यंत्र अंदाजाने पुल्लिंगी रूप टाकून देते. दोन्ही टोकांच्या भाषांत जो भेद आहे तो मधल्या भाषेत हरवतो. अंगठीवर, स्मृतिफलकावर किंवा अंगावर कायमची कोरायची ओळ अशा वाटेने आली असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नये. मराठीतून थेट हिब्रूत किंवा हिब्रूतून थेट मराठीत जाणारा माणूस मिळत असेल तर त्याला विचारणे केव्हाही चांगले. असे लोक आहेत, आणि ते का आहेत हे समजायला कोकणाकडे वळावे लागते.

विचारणाऱ्यांची जुनी परंपरा

त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. हिब्रूचे अर्थ विचारून घ्यावे लागणे हे कमीपणाचे लक्षण कधीच नव्हते. चौथ्या शतकाच्या अखेरीस बेथलेहेममध्ये राहणाऱ्या जेरोमने लॅटिन बायबलसाठी हिब्रू शिकायला बार अनिना नावाचा ज्यू शिक्षक ठेवला होता. स्वतःच्या समाजाच्या भीतीने तो रात्री येत असे, असे जेरोमनेच आपल्या पत्रात नोंदवले आहे. मार्टिन ल्यूथरने बायबलचे जर्मन भाषांतर करताना आपले सहकारी मेलांख्थोन आणि हिब्रूचे प्राध्यापक ऑरोगालस यांना सोबत घेतले होते. इयोबाच्या पुस्तकात कधीकधी चार दिवसांत तीन ओळीही पुऱ्या होत नसत, असे त्याने १५३० मध्ये लिहिले. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरीने मराठी बायबल छापले त्यामागे वैजनाथ पंडितांचे मराठी होते. मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि नवा करार १८११ मध्ये निघाला. एकट्याने केलेले म्हणून आपण जे भाषांतर ओळखतो त्याच्या मागे बहुधा अनेकांना विचारलेले प्रश्न असतात.

कोकणातले ‘शनिवार तेली’

मराठी मातृभाषा असलेल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाची परंपरा अशी सांगते की, त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांच्याजवळचे ग्रंथ समुद्रात गेले. पिढ्यानपिढ्या ते कोकणात तेलाचे घाणे चालवत राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव पडले. गावावरून त्यांना आडनावे मिळाली: पेणकर, किहिमकर, राजपूरकर, दिवेकर. नावांनाही कोकणी वळण आले. मुंबईत १७९६ मध्ये ‘शाआर हारहामीम’, म्हणजे दयेचे द्वार, हे प्रार्थनागृह उभारणारे सॅम्युअल इझिकेल दिवेकर समाजात समाजी हसाजी म्हणून ओळखले जात.

या समाजाची हिब्रू जवळजवळ विसरली गेली होती. देव एकच आहे हे सांगणारी ‘शेमा’ ही प्रार्थना मात्र तोंडपाठ राहिली. लग्नात, सुंतेच्या वेळी, प्रत्येक मंगल प्रसंगी तीच म्हटली जाई. अर्थ आणि बाकीचा विधी हवा होता. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली.

पहिली मदत कोचीहून आली. तिथल्या ज्यूंची हिब्रू परंपरा अखंड होती. डेव्हिड रहाबी नावाच्या पाहुण्याने या लोकांना ओळखले आणि त्यांच्यातल्या तीन घराण्यांच्या माणसांना शिकवून धर्मकार्याला नेमले, अशी आठवण समाजात सांगितली जाते. एकोणिसाव्या शतकात कोचीचे शिक्षक मुंबई आणि कोकणात येऊन प्रार्थना शिकवू लागले. त्यांची घरची भाषा मल्याळम आणि शिकणाऱ्यांची मराठी. म्हणजे हिब्रूचा अर्थ दोन भारतीय भाषांच्या मधून पोहोचत होता.

दुसरी मदत मिशनऱ्यांची होती. १८२९ मध्ये मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे सांगणारे पुस्तक छापले, तेही मुख्यतः बेने इस्राएल वाचकांसाठी. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. समाजातले फार थोडे लोक ख्रिस्ती झाले. बाकीच्यांनी ते व्याकरण शिकून घेतले आणि आपल्याच प्रार्थना समजून घ्यायला वापरले. मदत घ्यावी, निर्णय आपला ठेवावा, हा धडा त्यांनी दाखवून दिला. आज कुणाला काही विचारतानाही तो तितकाच खरा आहे.

अशा शिक्षणातून तयार झालेली पिढी स्वतः उत्तरे देऊ लागली. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) मुंबईच्या डेव्हिड ससून यांच्या नावाच्या शाळेचे मुख्याध्यापक होते आणि मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक. त्यांनी रोजच्या आणि सणांच्या अनेक प्रार्थना मराठीत आणल्या. हाईम सॅम्युअल किहिमकर यांनी १८७५ मध्ये समाजासाठी शाळा सुरू केली आणि समाजाचा सविस्तर इतिहास लिहिला. तो १९३७ मध्ये तेल अविवला छापला गेला. १८८० च्या सुमारास तर बेने इस्राएलांनी मराठी कीर्तनाचा बाज घेऊन आपल्या धर्मग्रंथातल्या कथा सांगायला सुरुवात केली. हिब्रूतला मजकूर, मराठी आर्या-साकीची चाल आणि समोर मराठी श्रोते, असा तो मेळ होता.

पुण्याचा वाटाही यात आहे. मिसर देशातून सुटकेच्या सणाला, म्हणजे पेसाहला, घरोघरी ‘हग्गादा’ ही पोथी वाचतात. मराठी भाषांतरासह हग्गादा मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये निघाली. पुण्याची हग्गादा तळकर आडनावाच्या दोघा बेने इस्राएल गृहस्थांनी काढली आणि विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात ती शिळाप्रेसवर छापली गेली. शिळाछपाईत हाताने लिहिलेले पान दगडावर उतरवून छापतात, त्यामुळे हिब्रूचे खिळे नसतानाही दोन लिप्या एका पुस्तकात आल्या. त्यातल्या चित्रांत सणाची तयारी करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत. ज्यू समाजाचे पुस्तक, पुण्याचा ब्राह्मण छापखाना, हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी: महाराष्ट्राच्या मुद्रणाच्या इतिहासातली ही अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

केडगावची तपश्चर्या

रमाबाईंचे काम या परंपरेत वेगळे उठून दिसते. वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई लक्ष्मीबाई यांच्याकडून त्यांना संस्कृत मिळाले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि दुष्काळाच्या वर्षांत केडगावला शेकडो निराधार मुलींना आसरा दिला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्या बायबलच्या भाषांतराकडे वळल्या.

तेव्हा मराठी बायबल उपलब्ध होते. रमाबाईंना त्यात दोन उणिवा दिसत होत्या. भाषा संस्कृतप्रचुर होती आणि मुक्तीत राहणाऱ्या खेड्यापाड्यांतल्या बायकांना ती जड जात होती. शिवाय काही संस्कृत शब्दांबरोबर वेदान्तातल्या अर्थछटा येत होत्या आणि त्या मूळ मजकुरात नव्हत्या. मूळ काय आहे हे पाहायचे तर मूळ भाषा शिकायला हव्यात, म्हणून त्यांनी पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीकचा कसून अभ्यास केला. संस्कृतचे धातू, रूपे आणि समास लहानपणी मुखोद्गत झालेल्या बाईला हिब्रूतला तीन व्यंजनांचा धातू ओळखणे सोपे गेले असेल, असे मला वाटते. त्यांच्या या कामाची उंची जगाच्या पातळीवर मोजली पाहिजे. मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल एकटीने भाषांतरित करणाऱ्या स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. अमेरिकेत जुलिया स्मिथ यांचे भाषांतर १८७६ मध्ये निघाले होते. रमाबाईंचा ग्रंथ मुक्तीच्याच छापखान्यात तयार झाला आणि तिथल्या स्त्रियांनी त्यासाठी खिळे जुळवले.

बारामतीला भाषांतराचे हे वेड नवे नव्हते. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) बारामतीत राहून महाभारत मराठी आर्यांत आणले होते. मोरोपंतांनी संस्कृताच्या शेजारी जाणारे मराठी निवडले, रमाबाईंनी संस्कृतापासून दूर जाणारे. दोघांनीही आपला वाचक-श्रोता कोण हे ठरवून शब्द निवडले. भाषांतर विचारतानाही हा प्रश्न आधी सुटला पाहिजे: ही ओळ कुणाला वाचायची आहे?

आज विचारायचे असेल तर

पहिली गोष्ट, ओळ पूर्ण द्या. दगड, अंगठी, पुस्तक किंवा पाटी यांचा सरळ, स्वच्छ फोटो काढा आणि कडेच्या खुणा, ठिपके, अवतरणासारख्या दोन रेघा कापू नका. त्या दोन रेघा फार महत्त्वाच्या असतात. अक्षरसमूहातल्या शेवटच्या अक्षराआधी त्या आल्या की तो शब्द नसतो, संक्षेप किंवा आकडा असतो. ज्यू थडग्यांवर वर बहुधा ‘पे-नून’ ही दोन अक्षरे असतात, म्हणजे ‘इथे पुरले आहे’. खाली पाच अक्षरांचा एक संक्षेप असतो आणि त्यात मृताच्या आत्म्याला चिरजीवन लाभावे अशी प्रार्थना असते. सालही अक्षरांत लिहितात. ताव ४००, रेश २००, लामेद ३०, दालेत ४ अशी अक्षरे असतील तर बेरीज ६३४. हजारांचा आकडा बहुधा गाळलेला असतो. ६३४ मध्ये १२४० मिळवले की इसवी सन १८७४ मिळतो. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते, म्हणून वर्षाच्या आरंभीचे महिने असतील तर एक वर्ष कमी धरावे. असा मजकूर यंत्रात घातला की ते अक्षरांना शब्द समजून भलताच अर्थ देऊ शकते.

दुसरी गोष्ट, संदर्भ सांगा. ओळ कुठे मिळाली, किती जुनी आहे, धार्मिक आहे की व्यवहारातली, कुणी कुणाला उद्देशून म्हटली आहे हे लिहा. मराठीची हिब्रू करून हवी असेल तर बोलणारी व्यक्ती आणि ऐकणारी व्यक्ती स्त्री की पुरुष, एक की अनेक, हे न विचारता सांगा. आपला अंदाज कळवायचा असेल तर तो अंदाज म्हणूनच कळवा. ‘याचा अर्थ अमुकच ना?’ असे विचारले की समोरचा माणूस भिडेखातर हो म्हणून जातो.

तिसरी गोष्ट, उत्तर तीन थरांत मागा. आधी देवनागरीत उच्चार, मग शब्दाला शब्द, मग सलग मराठी अर्थ. मधला थर हाती असला की तुम्हाला स्वतः पडताळता येते आणि शेवटचे मराठी वाक्य तुमच्या वाचकासाठी तुम्हीच घडवू शकता.

चौथी गोष्ट, किमान दोन जाणकारांना स्वतंत्रपणे विचारा. उत्तरे वेगळी आली तर कोण बरोबर यावर वाद घालण्याआधी फरक का पडला ते विचारा. बहुतेक वेळा एकाने जुनी हिब्रू धरलेली असते आणि दुसऱ्याने आजची, किंवा दोघांनी स्वर वेगळे वाचलेले असतात.

पाचवी गोष्ट कोरीव कामाची. हिब्रू न जाणणाऱ्या संगणकप्रणालीत अक्षरे डावीकडून उजवीकडे उलटी मांडली जातात. कारागिराने मांडलेला अंतिम नमुना जाणकाराला पुन्हा दाखवल्याशिवाय दगडाला किंवा त्वचेला हात लावू देऊ नये.

विचारताना थोडे रीतिभान हवे. धर्म पाळणारे ज्यू शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत लिहीत नाहीत आणि फोनही वापरत नाहीत. त्या वेळी उत्तराची घाई करू नये. देवाचे नाव लिहिलेला हिब्रू कागद ते फेकून देत नाहीत, दफन करतात. अशी जुनी पाने हाती आली तर रद्दीत घालू नयेत.

विचारायचे कुणाला? पुणे, मुंबई आणि अलिबागच्या प्रार्थनागृहांतली मंडळी आजही मराठी बोलतात. १९४८ नंतर बेने इस्राएलांपैकी बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. अश्दोद, दिमोना, लोद, बेर शेवा या गावांत त्यांची घरे आहेत आणि तिथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघत आले आहे. तिथल्या वडीलधाऱ्यांना हिब्रू आणि मराठी दोन्ही घरच्यासारख्या आहेत. त्यांच्या नातवंडांना हिब्रू येते, पण आजीचे मराठी पुरते कळत नाही. म्हणजे आज प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारले जात आहेत. आपण हिब्रूचा अर्थ विचारतो तेव्हा त्यांना मराठीचा अर्थ सांगण्याची तयारीही ठेवली पाहिजे.

मराठी आणि हिब्रू यांच्यात दोनशे वर्षांत तयार झालेला हा थेट मार्ग मोजक्याच भाषांना लाभला आहे. तो जाणणाऱ्या पिढीचे वय वाढत चालले आहे. ज्यांच्या घरी हिब्रू-मराठी प्रार्थनापुस्तक, हग्गादा, रमाबाईंच्या बायबलची जुनी प्रत किंवा अशा पुस्तकांवर पेन्सिलीने लिहिलेले अर्थ असतील त्यांनी ते जपावेत, त्यांचे फोटो काढून ठेवावेत आणि जवळच्या ग्रंथालयाला कळवावे. ज्यांना एखाद्या हिब्रू ओळीचा अर्थ हवा आहे त्यांनी तो मराठीतून, मराठी जाणणाऱ्याला, आजच विचारावा.